ढाळ

आमच्या जुन्या घरातली न्हाणी म्हणजे चुलीमागची एक शहाबादी फरशी आणि भिंतीला पाडलेलं भोक. अंघोळीचं पाणी त्या भोकातून परसात, अळवाला आणि केळीला. बाकी काही नाही. आता फरशीवरच्या जाळीखाली जे भांडं बसवतात, त्याला शहरातले प्लंबरसुद्धा ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. म्हणजे न्हाणी गेली तरी नाव तेवढं राहिलं.

न्हाणी मोडायची वेळ आली ती आईच्या गुडघ्यांमुळं. ऑपरेशन आठ दिवसांवर आलेलं. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढं उकिडवं बसायचं नाही. संडास परसाच्या पार टोकाला, तोही खाली बसायचा. म्हणून घरातच कमोड घ्यायचा ठरला.

टाइल्स लागल्या, कमोड आला, आणि बसवायला घेतला तर त्याची टाकी भिंतीला अडली. कमोडला पाइपाचा मध्य तयार भिंतीपासून 9 इंचांवर लागतो. आमच्या ठेकेदाराच्या माणसानं ते 9 इंच कच्च्या विटांपासून मोजलेले. प्लॅस्टर आणि टाइल्स यांनी दीड इंच खाल्लं, राहिलं साडेसात.

ठेकेदार म्हणाला, “त्यात काय एवढं! पाइपाचं तोंड तापवून जरा पुढं वाकवतो. अर्ध्या तासाचं काम.”

पीव्हीसीचा पाइप तापवला की मऊ होतो, वाकतोही. पण वाकतो तिथं चेपतो. 4 इंची पाइप तिथं 4 इंची राहत नाही, आणि घाण नेमकी तिथंच अडते. दिवस हातात नव्हते, माझ्या तोंडात ‘वाकवा’ आलंच होतं. तेवढ्यात आई दाराच्या चौकटीला धरून म्हणाली, “आरं, पाट दाबला तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचंल का? फोड ती फरशी. मला काय आज रातीच बसायचं न्हाई त्यावर.” जन्मभर उसाला दारं धरलेली बाई. ठेकेदार हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून यायचाच बंद झाला.

मग गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. त्यानं नव्याकोऱ्या सहा टाइल्स फोडल्या (प्रत्येक घाव माझ्या खिशावर), पाइप उघडा केला आणि पाण्याची नळी लावली. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन टोकांना धरायचं. दोन्हीकडं पाणी एकाच पातळीला उभं राहतं. त्या पातळीपासून पाइप मोजला आणि म्हातारा गप्पच बसला. पाइपाचं भिंतीबाहेरचं टोक आतल्यापेक्षा बोटभर वर होतं. उलटा ढाळ!

“दीड इंचाचं सोडा मालक,” तो म्हणाला, “ह्यातनं मैला भाईर गेलाच नसता. पावसाळ्यात समदं घरात आलं असतं.”

त्यानं पाइप टाकीपर्यंत उकरला. दर 40 इंचांना 1 इंच ढाळ धरून खाली विटांचे तुकडे आणि माल भरला, कपलर घालून तुकडा वाढवला, बेंड दीड इंच पुढं आणला. खड्डा बुजवायच्या आधी चार बादल्या ओतल्या. टाकीपाशी आईच खुर्ची टाकून बसली होती. “आलं, आलं!” ती आतल्या माणसांना ओरडून सांगत होती.

तीन दिवस गेले. टाइल्सचा रंग जुळला नाही. सहा फिक्या दिसतात. अंघोळीच्या पाण्याचा पाइप मात्र तिनं टाकीला जोडू दिला नाही. तो निराळा काढून केळीच्या आळ्यात सोडला, आणि मगच ती ऑपरेशनला गेली.