भागीचे घोडे

मराठीत एक म्हण आहे, 'भागीचे घोडे किवणाने मेले.' किवण म्हणजे चिघळून किडे पडलेली जखम. वर्गात ही म्हण आली की मुलं अर्थ पटकन सांगतात: सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही. पण म्हणीत घोडंच का, बैल का नाही, हे कुणी विचारत नाही.

बैलांची भागी आपल्याकडे जुनी आहे. एकेक बैल असलेले शेतकरी वारंगुळा करतात आणि पेरणी उरकतात. रात्री ज्याचा बैल त्याच्या गोठ्यात. भागीचं घोडं मात्र एकच असतं. शिवाय ते नाजूक. त्याचं पोट लहान, त्याला दिवसभर थोडं थोडं खायला लागतं. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून साधी पोटदुखीही जिवावर बेतते. साजाखाली खरचटलेलं चार दिवस कुणी पाहिलं नाही, की म्हण खरी होते.

कल्याण स्टेशनबाहेर टांगे उभे असत त्या काळात माझे मामू शेजाऱ्याच्या भागीत टांगा चालवत. सकाळ मामूंची, संध्याकाळ शेजाऱ्यांची. दोन माणसांनी सात-सात तास टांगा हाकला तर माणसं थकत नाहीत, पण घोड्याचे चौदा तास होतात. १९६५ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार ओझ्याच्या जनावराला दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही. म्हणजे वाटून घ्यायचे ते नऊच तास. कमाईची भूक मात्र दोन घरांची असते, आणि भागी मोडते ती इथेच.

या दोघांची मोडली नाही. त्यांचा एकच रिवाज होता. घोडा नुसता तोंडी सोपवायचा नाही. घेणाऱ्याने पाठीवरून, छातीवरून हात फिरवायचा, चारही खूर उचलून बघायचे. तेव्हा जखम सापडली तर ती देणाऱ्याची, नंतर सापडली तर घेणाऱ्याची. मामू म्हणत, "हिसाब पैशांचा नंतर, आधी चमड्याचा."

हे सगळं आठवलं ते डोंबिवलीच्या एका माजी विद्यार्थ्यामुळे. तिघांनी मिळून वरातीसाठी घोडी घेतली. लग्नसराईत तिघेही हजर. आषाढी एकादशी झाली, मुहूर्त थांबले, आणि तिसऱ्याचा फोन लागेनासा झाला. घोडीला चातुर्मास कळत नाही, तिला चंदी रोज लागते. "सर, करारनामा लिहून द्या," म्हणून तो माझ्याकडे आला.

चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणागवत आताच उधळलंत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल, हा त्याचा आशय. मी करारनाम्याचं पहिलं कलम त्यावरूनच घातलं: प्रत्येक वरातीच्या पैशातून आधी पावसाळ्याची चंदी बाजूला, मग वाटणी. दुसरं कलम, रोजच्या खराऱ्याला आणि चाऱ्याला एकाचंच नाव. 'आपण सगळे बघू' चालणार नाही. तिसरं, रात्रीबेरात्री घोडी लोळायला लागली तर जो तिथे असेल त्याने कुणाला न विचारता डॉक्टर बोलवायचा, खर्च सगळ्यांचा.

पण कागदाने माणूस सापडत नाही. तिसऱ्याचा वाटा घ्यायला चौघे तयार होते. सगळ्यांचे प्रश्न सारखेच: एका वरातीचे किती मिळतात, सीझनला किती वराती होतात. मी त्याला एवढंच म्हणालो, "घाई करू नकोस. श्रावणात तबेल्यावर कोण येतं ते बघ."

एक जण आला. भर पावसात. घोडीला लांबूनच बघितलं, कारण त्याला भीती वाटत होती. मग झाडू कुठे ठेवता, असं विचारलं. वाटा त्याला दिला. वरातीतलं त्याला अजून काही कळत नाही. ते शिकवता येतं.