भार टाकणे

जानेवारी १७३६. अटलांटिक महासागरात 'सिमंड्स' नावाचे जहाज वादळात सापडले होते. मोरेव्हियन पंथाची जर्मन कुटुंबे संध्याकाळची उपासना करीत होती. त्यांचे स्तोत्र चालू असतानाच एक प्रचंड लाट जहाजावर चढली. मुख्य शिडाच्या चिंध्या झाल्या, पाणी खालपर्यंत घुसले. इंग्रज उतारू किंकाळ्या फोडू लागले. जर्मन मंडळी शांतपणे गात राहिली.

त्या जहाजावर जॉन वेस्ली होता. बत्तीस वर्षांचा, ऑक्सफर्डचा फेलो, चर्च ऑफ इंग्लंडचा धर्मगुरू. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या वसाहतीत, तिथल्या मूळ रहिवाशांना ख्रिस्ताची ओळख करून द्यायला निघालेला. वादळानंतर त्याने एका जर्मनाला विचारले, भीती नाही वाटली? नाही, उत्तर आले. आणि बायकामुलांना? त्यांनाही मरणाचे भय नाही, असे तो माणूस सौम्यपणे म्हणाला. वेस्लीला मात्र मरणाचे भय होते, आणि ते त्याने आपल्या रोजनिशीत लपवले नाही.

चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या विश्वासांगीकारातले एकही वाक्य वेस्लीने नाकारले नव्हते. देव आहे, ख्रिस्त तारणारा आहे, मेलेले उठतील, सारे त्याला मान्य होते. मग त्या लाटेपुढे कमी पडले ते काय?

आपल्या बोलण्यातच याचे उत्तर दडलेले आहे. 'माझा भुतांवर विश्वास आहे' आणि 'माझा तुझ्यावर विश्वास आहे' या दोन वाक्यांत शब्द एकच, पण गोष्टी दोन. पहिल्यात भुते असतात एवढेच म्हणणे आहे. दुसऱ्यात घराची किल्ली हातात देण्याची तयारी आहे. नव्या करारातले याकोबाचे पत्र नेमके इथेच बोट ठेवते: देव एकच आहे हे भुतेही मानतात, आणि थरथर कापतात. त्यांच्या मानण्यात चूक काहीच नाही. त्या मानण्याने त्यांना आधार तेवढा मिळत नाही.

चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनने ही फोड अधिक बारकाईने केली. देव आहे असे मानणे वेगळे, देवाचे म्हणणे खरे मानणे वेगळे आणि प्रेमाने त्याच्याकडे चालत जाणे आणखी वेगळे. योहानाच्या शुभवर्तमानात तर 'विश्वास ठेवणे' हे ग्रीक क्रियापद शंभराच्या आसपास वेळा येते, पण 'विश्वास' हे नाम एकदाही नाही. जणू ती जवळ बाळगायची वस्तू नसून करायची कृती आहे. चर्चच्या लॅटिन विश्वासांगीकाराचा पहिला शब्द 'क्रेदो' आणि आपला 'श्रद्धा' हा शब्द, दोन्ही एकाच प्राचीन मुळातून आले आहेत, आणि त्या मुळाचा अर्थ बहुतेक अभ्यासक 'हृदय ठेवणे' असा लावतात. मराठी माणूस अडचणीत देवावर भार टाकतो, हवाला ठेवतो. वेस्लीकडे मत होते. भार मात्र त्याने स्वतःच्याच खांद्यावर ठेवला होता.

जॉर्जियातले काम फसले. १७३८ च्या आरंभी तो खचून इंग्लंडला परतला. आपल्यात श्रद्धा नाही, तर उपदेश थांबवावा का, असे त्याने पीटर ब्योलर या तरुण मोरेव्हियनाला विचारले. ब्योलर म्हणाला, थांबू नकोस. श्रद्धा मिळेपर्यंत तिचाच उपदेश कर. वेस्लीने तो सल्ला मानला, आणि त्याने पहिल्यांदा ज्याला श्रद्धेचा हा उपदेश केला तो फाशीची शिक्षा झालेला एक कैदी होता. २४ मे रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या बैठकीत तो मनाविरुद्धच गेला. कोणी तरी जर्मन धर्मसुधारक लूथरची, नव्या करारातल्या रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना वाचत होते. पावणेनऊच्या सुमारास आपल्या अंतःकरणात विलक्षण ऊब दाटली, असे त्याने लिहून ठेवले.

इथेच थांबले तर श्रद्धा म्हणजे ती ऊब, असा समज होईल, आणि तो खोटा ठरेल. कारण पुढच्याच जानेवारीत वेस्ली लिहितो की आपण ख्रिस्ती नाही. ऊब गेली होती. पण मार्चअखेर तो ब्रिस्टलला गेला, एप्रिलच्या आरंभी उघड्या मैदानात कष्टकऱ्यांपुढे उपदेशाला उभा राहिला, आणि त्यानंतर पन्नास वर्षे घोड्यावरून व गाडीतून गावोगाव फिरत राहिला.

मदर तेरेसांच्या वाट्याला तर ही ऊब फारच थोडी आली. कोलकात्याच्या वस्तीत काम सुरू झाले त्याच सुमारास देव जवळ असल्याची जाणीव त्यांच्यातून नाहीशी झाली. मधला थोडा काळ सोडला, तर पुढची जवळपास पन्नास वर्षे हा अंधार टिकला. काही क्षणी देव आहे की नाही, हाही प्रश्न त्यांना छळत होता. तरीही त्या रोज प्रार्थनेला बसत होत्या आणि रस्त्यावर मरत पडलेल्यांना आपल्या घरी आणत होत्या. मानण्याचा धागा इतका विरलेला असतानाही त्यांनी भार दुसरीकडे हलवला नाही. ख्रिस्ती परंपरेत श्रद्धेचा याहून कठीण दाखला सापडणे अवघड आहे.

हे सारे त्यांनी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना पत्रांतून कळवले होते. ती पत्रे नष्ट करावीत, अशी त्यांची इच्छा होती. ती जपली गेली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.