हातातला पार

गावाच्या वेशीजवळ वडाचा नाहीतर पिंपळाचा पार असावा, आणि त्या पारावर संध्याकाळी चार माणसे बसलेली असावीत, हे आपल्या खेड्यांचे जुने चित्र आहे. मला या पाराचे नेहमीच कौतुक वाटत आले आहे. पाऊस केव्हा येणार, बाजारात ज्वारीला काय भाव मिळाला, कोणाच्या बांधावरून तंटा पेटला, साऱ्याची वार्ता तेथे लागे. वर्तमानपत्र आले, तर एकाने वाचावे नि दहांनी ऐकावे. पार म्हणजे गावाचे कान, आणि प्रसंगी गावाचे न्यायासनही!

परंतु पाराचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता येत नाही. त्या पारावर सारा गाव कधीच बसत नव्हता. बायका डोईवरचा हंडा सावरीत, मान खाली घालून समोरून निघून जात. गावकुसाबाहेरच्या वस्तीतील माणूस तर दूरच उभा राही. गावाच्या अडचणींचे काटे ज्यांच्या पायांना सर्वांत अधिक टोचत, त्यांनाच तेथे बोलण्यास जागा नव्हती.

आता हा पार माणसाच्या हातात आला आहे. 15 ऑगस्ट 1995 रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले, तेव्हा ते शहरातील थोड्या लोकांचे नवल होते. पण 1998 साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरात एक मोठा प्रयोग सुरू झाला. सुमारे सत्तर गावांत संगणक बसवून ते वारणानगरच्या सहकारी संस्थांशी जोडण्यात आले. आपल्या उसाचे वजन किती भरले, हे शेतकऱ्याला गावातच कळू लागले; कारखान्यापर्यंतची खेप वाचली. पुढे असे आढळले, की त्या यंत्राचा उपयोग मुख्यतः उसाच्या हिशेबासाठीच होतो. तेव्हा काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या लघुसंदेशावर तेच काम करून पाहण्यात आले, आणि ते साधले! साधन किती भारी आहे यापेक्षा ते माणसाच्या गरजेला किती उतरते, हेच खरे.

आज आमच्या गावाचाही मोबाइलवर एक गट आहे. पूर्वी पारासमोरून मुकाट्याने जाणाऱ्या बायका आता त्यावर लिहितात. एका माउलीने मागे फुटलेल्या नळाचे छायाचित्र त्यावर टाकले. खाली एवढेच लिहिले होते, “आठ दिवस पाणी वाया जात आहे. वरच्या आळीला हंडाभरही मिळत नाही.” तिसऱ्या दिवशी नळ दुरुस्त झाला. तिचे शब्द सर्व गावाने वाचले होते. आता ते ऐकलेच नाहीत, असे कोणाला म्हणता येईना.

पण जी वाट गाऱ्हाणे नेते, तीच अफवाही नेते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागत हिंडणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी खोटी वार्ता त्या काळात मोबाइलवरून गावोगाव पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घालण्याचे ठरविले. मर्यादा चांगलीच, पण ‘हे खरे आहे काय?’ हा प्रश्न कोणतेही यंत्र आपल्यासाठी विचारीत नाही. तो ज्याचा त्यानेच विचारावा लागतो.

आणखी एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे. शाळेकडील रस्ता व्हावा, या मागणीला आमच्या गटावर शेकडो लोकांनी अंगठे दाखवून संमती दिली. मला मोठा आनंद झाला. पण त्याच विषयासाठी ग्रामसभा भरली, तेव्हा माणसे मोजून साठ! आपल्या राज्यात ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती न भरल्याने सभा तहकूब झाली. मोबाइलवरचे अंगठे गणपूर्तीत धरले जात नाहीत. तेथे माणसाने स्वतः जाऊन बसावे लागते.

ती नळाचे छायाचित्र टाकणारी माउली मात्र त्या साठांत होती. तिने शेजारच्या चौघींनाही बरोबर आणले होते. तहकुबीनंतरच्या सभेला त्या पुन्हा आल्या. आणि या वेळी ती उठून उभी राहिली व रस्त्याविषयी चार वाक्ये बोलली. आवाज किंचित कापत होता. पण सभा शांतपणे ऐकत होती.

मुलांनो, तुम्हांला मताचा अधिकार अठराव्या वर्षी मिळेल. तोवर करण्यासारखे पुष्कळ आहे. आलेला संदेश पारखल्यावाचून पुढे धाडू नका. ज्या आजीला वाचता येत नाही, तिला गावाची सूचना वाचून दाखवा. आणि 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट वा 2 ऑक्टोबर, ज्या दिवशी ग्रामसभा असेल, त्या दिवशी घरच्या वडील माणसांना हाताला धरून तिकडे घेऊन जा.