काळीं बिस्किटें

स्वयंपाकघरांत भाजणाऱ्याला रंग हा मोठा आधार असतो. पोळीवर तांबूस ठिपके उमटले, नानकटाई कडेनें बदामी झाली, म्हणजे काम झालें असें आपण समजतों. परंतु पदार्थ मुळांतच काळा असेल तर डोळ्यांनीं काय सांगावें? हा प्रश्न मला २०२३ सालीं अमेरिकेंत, न्यू जर्सी राज्यांत, माझ्या भगिनीच्या घरीं पडला.

३१ ऑक्टोबर ही तेथें ‘हॅलोवीन’ची रात्र. १ नोव्हेंबर हा सर्व पवित्र जनांचा दिवस. त्याची ही पूर्वसंध्या, व नांवाचा मूळ अर्थहि तोच. आयरिश व स्कॉटिश लोकांबरोबर ही चाल अमेरिकेंत गेली. त्या रात्रीं मुलें भुताखेतांचीं सोंगें घेऊन दारोदार खाऊ मागतात. माझ्या सात वर्षांच्या भाच्याला मात्र त्या सोंगांचें फार भय वाटे. सोबत्यांना घरीं बोलाविलें होतें, आणि हा तर सकाळपासून आईला सोडीना.

मीं त्याला बिस्किटांच्या कामाला लाविलें. मैदा, लोणी, साखर, अंडें आणि काळा कोको. कोकोचा अंगचा आंबटपणा क्षारानें मोडण्याची रीत हॉलंडांत १९ व्या शतकांत निघाली. हा संस्कार पुष्कळ केला म्हणजे कोको कोळशासारखा काळा होतो, पण चवीला सौम्य राहतो. पीठ तासभर थंड ठेवून आम्हीं त्याचीं वटवाघळें व मांजरें कातरलीं.

“मावशी, भाजलीं हें कळणार कसें?”

“डोळ्यांनीं नव्हे. तूं घड्याळ पाहा आणि वास घे. मी कडेला बोट लावून पाहतें. कड घट्ट व मध्य किंचित् मऊ लागला म्हणजे झालीं. निवतांना तीं कडक होतात.”

दहा मिनिटांनीं घरभर वास सुटला. “मावशी, आतां!” असें तोच प्रथम ओरडला.

सायंकाळीं दार वाजलें. बाहेर एक सांगाडा व दोन चेटकिणी उभ्या होत्या. भाच्यानें माझा हात घट्ट धरिला. इतक्यांत सांगाड्यानें त्याला नांवानें हांक मारिली. आवाज वर्गांतल्या सोबत्याचा! भाच्यानें हात सोडला व थाळी पुढें केली. “हें वटवाघूळ मीं कातरलें,” तो म्हणाला.

बालमित्रहो, डोळ्यांना जें काळें व भयंकर दिसतें, तें कान, नाक व हात यांना पुष्कळदां ओळखीचें निघतें. जवळ जाऊन पाहावें मात्र लागतें. त्या रात्रींहि भाच्यानें निजतांना दिवा लावूनच ठेवावयास सांगितला. आम्हीं तो ठेविला. भय एका दिवसांत जात नसतें.