चिंचवड : दप्तरांत नसलेलें गांव

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलगाडीनें निघालें कीं, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी हीं स्टेशनें मागें पडतात आणि अर्ध्या तासाच्या आंतबाहेर चिंचवड येतें. खंडाळा ते पुणें हा लोहमार्ग १८५८ सालीं सुरू झाला, तेव्हां त्याच्या दुतर्फा शिवारें होतीं. आज स्टेशनावर उतरणाऱ्या नवख्या माणसास येथें एक जुनें गांव आहे अशी शंकाही यावयाची नाहीं. तें पाहावयाचें असेल तर हमरस्ता सोडून नदीच्या रोखानें जावें लागतें. पवनेच्या कांठीं श्रीमोरया गोसावी यांचें समाधिमंदिर आहे, जवळच मंगलमूर्तींचा वाडा आहे. आणि त्यांच्या आजूबाजूच्या बोळांतून हिंडूं लागलें म्हणजे एखादी जुनी चौकट, एखादा दगडी जोता अजून दृष्टीस पडतो. पावसाळ्यांत मावळांतील धरणाचें पाणी सोडलें कीं नदी मंदिरांत शिरते, आणि वर्तमानपत्रांना पवनेची आठवण होते. एरवीं चिंचवडांत नदी आहे हें कित्येक चिंचवडकरांना ठाऊक नसावें!

या गांवास लेखी इतिहासाची वाण आहे असें मात्र मुळींच नाहीं. देवघराण्यास मिळालेल्या इनामांच्या निमित्तानें सनदा, निवाडे व हिशेब पिढ्यान्‌पिढ्या सांठत गेले. अशाच कागदांच्या आधारें लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकानें या घराण्याचा राजसत्तेशीं संबंध उलगडून दाखविणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो १९८९ सालीं केंब्रिजनें प्रसिद्ध केला. त्यापूर्वी १८०० सालीं एडवर्ड मूर व १८०९ सालीं मारिया ग्रॅहॅम यांनीं येथें येऊन देवांचें दर्शन घेतलें आणि आपापल्या हकीकती लिहिल्या. त्यांत कुतूहल पुष्कळ व समज बेताची. पण लिहून ठेविलें, हें खरें. पुढें याच गांवच्या दामोदर हरि चापेकरांनीं तुरुंगांत आत्मवृत्त लिहिलें, आणि १८ एप्रिल १८९८ रोजीं ते फांसावर चढले.

या सर्व साधनांत वाडा आहे, देऊळ आहे, सरकार आहे. वावर नाहीं. गांव कोणास इनाम दिलें हें सनद सांगते. त्या गांवच्या काळ्या जमिनींत पाभर कोणी धरली हें ती सांगत नाहीं. कुणब्याचें नांव कागदांत आलेंच तर बहुधा बाकीदार म्हणून येतें. त्याची बायको तर त्याही निमित्तानें येत नाहीं.

आणि वावर गेलें तें फार वेगानें गेलें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें व या पट्ट्यांत कारखान्यांची रांग लागली. १९७० सालीं पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून एक नगरपालिका झाली. १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतींत तिची वस्ती १७ लाखांवर गेली. कारखाने आले म्हणून हळहळण्याचें कारण नाहीं. त्यांनीं दुष्काळी मुलखांतून आलेल्या हजारों घरांना भाकरी दिली. परंतु १९६० च्या सुमारास दहा वर्षांचा असतांना ज्यानें मोटेमागें बैल हांकले, तो मनुष्य आज पंचाहत्तरी ओलांडीत आहे. नाडा व सोंदूर यांतील फरक, थारोळ्यांत पाणी पडतांना होणारा आवाज, बलुत्याची पेंढी कोणास किती, हें सारें अशांच्याच जिभेवर आहे, आणि तें सांगावयास त्यांच्यापाशीं फार वर्षें उरलेलीं नाहींत.

हें काम अशक्य नव्हे. पवनेच्याच वरच्या अंगास, मावळ व मुळशीच्या डोंगराळ गांवांतून हेमा राईरकर व गी पॉइत्व्हां यांनीं गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत जात्यावरच्या ओव्या जमविण्यास आरंभ केला. पुढें त्यांत गांवोगांवच्या बायका स्वतः सामील झाल्या, बर्नार्ड बेल यांच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रण झालें, आणि महाराष्ट्रांतील हजारावर गांवांतून लाखावर ओव्या गोळा झाल्या. हा ठेवा सांप्रत ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेच्या संग्रहांत कोणासही ऐकावयास मिळतो. विजेची गिरणी आली, जातें थांबलें. म्हणजे ओवी म्हणण्याची वेळच दिवसांतून नाहींशी झाली. बायकांना ती आठवत होती, पण विचारल्यावांचून त्या म्हणणार कशास? मोटेच्या गाण्यांचीही तीच गत. विजेच्या पंपामागें कोणी गात नाहीं.

विचारण्याची मात्र रीत असते. ‘पूर्वींचें गांव कसें होतें’ असें विचारलें तर ‘फार चांगलें होतें’ एवढेंच उत्तर येतें, व तें निरुपयोगी होय. वावरांचीं नांवें विचारावीं. विहीर कोणाच्या वांट्याची व पाळी किती दिवसांनीं येई तें विचारावें. जमीन संपादनांत गेली तेव्हां नोटीस कोणी वाचून दाखविली, पैसा किती हप्त्यांनीं मिळाला व तो कशांत गेला, हें विचारावें. सातबाऱ्यावर गट नंबर मिळतो, पण वावराला घरांत कोणत्या नांवानें हांक मारीत तें मिळत नाहीं. साल कोणास आठवत नाहीं, त्याची चिंता नको. १९६१ चा पानशेतचा पूर, १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, या खुणांच्या अलीकडे कीं पलीकडे, एवढें विचारलें कीं काळ पुष्कळसा नक्की होतो. एकाच गोष्टीबद्दल निदान दोघांना, व तेंही निरनिराळें बसवून, विचारावें. स्मृति लबाड नसते, पण शेजाऱ्याच्या सांगण्यानें ती वळते.

या मासिकाच्या वाचकांशीं या गोष्टीचा संबंध निकटचा आहे. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं छापील कुलवृत्तांत आहे, जुनी रोजकीर्द आहे, कोठेंतरी कुळांनीं घातलेल्या खंडाच्या नोंदी आहेत. १९४८ च्या कूळकायद्यानें व १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानें त्या जमिनी गेल्या, ही कथा आपण आपल्या ओसरीवर पुष्कळदां ऐकिली आहे. त्याच जमिनीची दुसरी कथा कुळाच्या ओसरीवर सांगितली जाते. दोन्ही कथा एकमेकींशीं जुळणार नाहींत. आपल्यास न रुचणारें पुष्कळ ऐकावें लागेल. चिंचवडांत तर त्याच कुळाकडून पुढें कारखान्यानें जमीन घेतली असेल, म्हणजे तिसरीही कथा निघावयाची. खंडाची वही व कुळाच्या नातवाच्या मोबाईलांत टिपलेला आजोबांचा आवाज हीं एका कपाटांत येतील, तेव्हां त्या वहींतील आंकड्यांना अर्थ येऊं लागेल.

साधनें आतां महाग राहिलीं नाहींत. मोबाईल सर्वांपाशीं आहे. बोलणाऱ्याची संमति प्रथम घ्यावी, काय वगळावें हें त्यासच ठरवूं द्यावें, ध्वनिमुद्रिकेची एक प्रत त्याच्या घरीं द्यावी. तारीख, गांव व बोलणाऱ्याचें वय मुद्रणाच्या आरंभींच आवाजांत नोंदवावें. कागदाची चिठ्ठी हरवते. मार्गशीर्षांत श्रीमोरया गोसावींचा समाधिउत्सव असतो, भाद्रपदांत व माघांत पालखी मोरगांवास निघते. या दिवसांत दूरच्या उपनगरांतून राहावयास गेलेलीं म्हातारीं माणसेंही गांवांत येऊन बसतात, आणि त्यांच्याजवळ घटकाभर बसणारा सहसा कोणी नसतो.