विचार करायला वेळ होता

व्हिडिओ गेमच्या धंद्यात दुसरा भाग काढायचा की नाही हे बहुतेक वेळा पहिल्या भागाच्या कमाईवर ठरतं. नाव लोकांच्या तोंडी बसलेलं असतं, मग तेच नाव, तीच चौकट, शस्त्रं थोडी जास्त, राक्षस थोडे मोठे. पाळीपाळीने खेळायच्या लढाया रचणं हे माझं रोजचं काम आहे. पुण्यात बसून मी तेच करते आणि त्या निमित्ताने असे पुष्कळ दुसरे भाग खेळून झाले आहेत. त्यातला एक मला या विद्येचा पाठ्यग्रंथ वाटतो, आणि तो तीस वर्षांपूर्वीचा आहे : 'टॅक्टिक्स ओगर : लेट अस क्लिंग टुगेदर'. क्वेस्ट नावाच्या छोट्याशा जपानी कंपनीने तो ऑक्टोबर १९९५ मध्ये निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम यंत्रासाठी काढला. दिग्दर्शन आणि लेखन यासुमी मात्सुनो यांचं, चित्रांची बाजू आकिहिको योशिदा आणि हिरोशी मिनागावा यांची, संगीत हितोशी साकिमोतो आणि मासाहारू इवाता यांचं.

पहिला भाग १९९३ सालचा, 'ओगर बॅटल : द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन'. त्यात घड्याळ चालू असतं. नकाशावर तुमच्या तुकड्या चालत राहतात, शत्रूची तुकडी समोर आली की आपसूक भिडतात. कुणावर भर द्यायचा एवढा रोख तुम्ही सांगता, वेळ पडली तर टॅरोचं एखादं पान टाकता. वार कोण करणार, कुणावर करणार, हे तुमच्या हातात नाही. तुम्ही सेनापती आहात, पण लांबच्या टेकडीवरून पाहणारे.

इथे थोडं आडवळण घेते, कारण महाराष्ट्रातल्या वाचकाला ते आवडेल. 'ओगर बॅटल' आणि 'द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन' ही दोन्ही नावं मात्सुनोंनी क्वीन या ब्रिटिश बँडच्या १९७४ सालच्या 'क्वीन टू' या अल्बममधून उचलली. दोन्ही गाणी फ्रेडी मर्क्युरीची, आणि हा फ्रेडी शाळा शिकला तो आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्समध्ये. दुसऱ्या भागाचं उपशीर्षकही क्वीनकडूनच आलं आहे. ते ब्रायन मे यांनी लिहिलेल्या १९७६ च्या एका गाण्याचं नाव. त्या गाण्याचा काही भाग जपानी भाषेत आहे. तिथल्या चाहत्यांसाठी बँडने केलेली ती भेट होती, आणि वीस वर्षांनी एका जपानी माणसाने त्या गाण्याच्या नावावर आपला सगळ्यात दुःखाचा खेळ उभा केला.

आता मुद्दा. दुसऱ्या भागात मात्सुनोंनी पहिल्या भागाचा गाभाच काढून टाकला. जग तेच, इतिहास तोच, काही माणसंही तीच, पण घड्याळ थांबवलं. तुकड्यांच्या जागी एकेक माणूस आला. लढाईची जमीन बुद्धिबळासारखी घरांमध्ये विभागली आणि तिला उंची दिली : गावातली छपरं, किल्ल्याच्या पायऱ्या, दलदल, कडे. उंचावरच्या तिरंदाजाचा बाण लांब जातो. पाठीमागून आलेला वार चुकवणं अवघड असतं. मध्ये भिंत आली तर बाण तिच्यावर आपटतो.

पाळीची व्यवस्था तर मी अजूनही नव्याने शिकते. जपानमधल्या या प्रकाराचं घराणं सुरू झालं ते १९९० च्या 'फायर एम्ब्लेम'पासून. तिथे आधी आपला सगळा पक्ष चालतो, मग शत्रूचा. 'टॅक्टिक्स ओगर'मध्ये पक्षाची पाळी नाहीच, प्रत्येक माणसाची स्वतंत्र आहे. प्रत्येकाला एक प्रतीक्षेचा आकडा दिलेला असतो, तो उतरत उतरत शून्यावर आला की त्याची पाळी. चपळ माणसाचा आकडा लहान, सुस्त माणसाचा मोठा. वर अंगावरच्या सामानाचं वजन त्यात मिळवायचं. जाड चिलखत घातलेला सरदार टिकतो खरा, पण त्याची पाळी येईपर्यंत हलक्या कपड्यातला भालाईत दोनदा वार करून गेलेला असतो. पाळीत काहीच न करता थांबलात तर पुढची पाळी लवकर येते. म्हणजे थांबण्यालाही किंमत आहे आणि घाईलाही. एका आकड्यात शरीर, सामान आणि स्वभाव असं सगळं बसवलं आहे. असा एखादा आकडा आयुष्यात सुचला तर मी धन्य होईन.

पण घड्याळ थांबवण्यातून मात्सुनोंनी जे साधलं ते या हिशेबाहून मोठं आहे. घड्याळ चालू असताना माणसाला एक सबब मिळते : वेळच नव्हता, हातून झालं. घड्याळ थांबलं की ती सबब गेली. पटावर जो मेला तो तुम्ही त्याला तिथे उभं केलंत म्हणून मेला, आणि उभं करण्यापूर्वी तुम्हाला हवा तेवढा वेळ होता. हा नियम त्यांनी लढाईपुरता ठेवला नाही. त्यांनी तो कथेला लावला.

कथा व्हॅलेरिया नावाच्या बेटांवर घडते. डॉर्गालुआ नावाच्या राजाने तिथल्या जमातींना एका राज्यात बांधलं होतं. तो वारल्यावर गाठ सुटली. बहुसंख्य गाल्गास्तान, सत्तेची सवय असलेले बाक्रम आणि थोडे, दबलेले वॉलिस्टर. बाक्रम लोकांनी परदेशातून काळे सरदार बोलावून घेतले. नायक डेनम हा वॉलिस्टर गावातला तरुण. बहीण कॅट्युआ आणि मित्र वाइस त्याच्या सोबत. गावाची राखरांगोळी करणाऱ्या काळ्या सरदारांचा प्रमुख लॅन्सेलॉट टार्टारोस गावात आला आहे असं समजून तिघं त्याच्यावर दबा धरतात, आणि निघतो तो लॅन्सेलॉट हॅमिल्टन. पहिल्या भागातल्या झेनोबियाचा सरदार, भला माणूस. खेळाच्या पहिल्या पाच मिनिटांत सूड चुकीच्या माणसावर उगारला जातो. जुन्या खेळाडूला ओळखीचे चेहरेही इथेच भेटतात : वॉरेन, पंखांचा कॅनोपस. दुसऱ्या भागाने पहिल्याचं ऋण कसं फेडावं, तर असं. ओळख द्यावी, पण कथेचा भार जुन्या माणसांवर टाकू नये.

तिघं आल्मोरिकाच्या किल्ल्यातून वॉलिस्टरांच्या ड्यूक रॉनवेची सुटका करतात, डेनम वीर ठरतो. मग त्याला बाल्मामुसाला पाठवतात. गाल्गास्तानांनी वॉलिस्टर लोकांना कोंडून ठेवलेली ही वसाहत. काम साधं : लोकांना बंडाला उठवायचं. लोक नकार देतात. त्यांना भीती आहे, पोरंबाळं आहेत. तेव्हा लिओनार हा ड्यूकचा सरदार पुढचा हुकूम सांगतो. हे सगळे लोक मारायचे, आणि गाल्गास्तानांनी मारले असं जाहीर करायचं. म्हणजे बाकीचे वॉलिस्टर पेटून उठतील आणि कुंपणावरचे गाल्गास्तानही आपल्या पुढाऱ्यांवर उलटतील. लिओनार काही क्रूर हसत नाही. हे करायलाच हवं असं तो खरोखर मानतो.

पडद्यावर दोन उत्तरं येतात. हुकूम पाळायचा, की नाही. घड्याळ नाही.

खेळाडूला वाटतं, नाही म्हटलं की गाव वाचेल. वाचत नाही. कत्तल दोन्ही वाटांवर होते. आमच्या धंद्यात निवडीचा गाजावाजा फार होतो : तुम्ही ठरवाल तसं जग बदलेल, अशी आश्वासनं दिली जातात. मात्सुनोंनी खेळाडूच्या हातात गाव दिलंच नाही. त्यांनी त्याला फक्त स्वतःचे हात दिले. गाव जाणार, तुमचे हात त्यात असणार का, एवढंच तुमचं. नाही म्हणणारा डेनम ज्या लोकांसाठी लढत होता त्यांच्याच फौजेपासून पळत सुटतो, डोक्यावर इनाम, आणि वर त्या कत्तलीचा आळही त्याच्याच नावावर. हो म्हणणारा डेनम वीरच राहतो. सत्य माहीत असलेला वीर.

वाइसबद्दल खेळाडूंमध्ये जुना वाद आहे. डेनमने होकार दिला तर वाइस संतापून नकार देतो. डेनमने नकार दिला तर वाइस होकार देऊन कत्तलीत उतरतो. काहींना ही लेखकाची सोय वाटते. एकाच माणसाची दोन विरुद्ध मनं कशी असतील? मला हे पटत नाही. पहिल्या प्रसंगापासून वाइसच्या बोलण्यात डेनमबद्दलची जळजळ आहे. याला बहीण आहे, याला लोक मान देतात, याच्या शब्दाला वजन आहे. वाइसची मतं डेनम जिथे नसेल तिथे जाऊन उभी राहतात. अशी माणसं राजकारणात असतात आणि घरातही असतात, आणि त्यांचे युक्तिवाद दर वेळी खरे वाटतील इतके धारदारही असतात. दोन्ही वाटांवर वाइस जे बोलतो ते खोडून काढायला मला कष्ट पडले आहेत.

युगोस्लाव्हियातल्या यादवी युद्धाचा या कथेवर प्रभाव होता हे मात्सुनोंनी स्वतः सांगितलं आहे. खेळ तयार होत होता तेव्हा बोस्नियात रोज कुणाचं तरी गाव रिकामं होत होतं. स्रेब्रेनित्साची कत्तल जुलै १९९५ मधली, खेळ बाजारात यायच्या तीन महिने आधीची. त्या काळी मुलांचा समजला जाणारा हा व्यवसाय, त्यात राक्षस आणि जादूगार घालूनच खेळ विकायचे, अशा वेळी या लोकांनी जादूच्या आडून जमातींच्या शुद्धीकरणाबद्दल लिहिलं. पुढे मात्सुनो स्क्वेअर कंपनीत गेले, योशिदा आणि मिनागावाही गेले, आणि १९९७ मध्ये 'फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स' आला. त्याची कीर्ती मोठी आहे, पटही देखणा आहे. पण तिथे कथा एकाच वाटेने जाते, खेळाडू साक्षीदार असतो. मला त्यात बाल्मामुसाची टोचणी सापडत नाही.

उत्तरार्धात आणखी एक घाव आहे. तीस वर्षं झाली म्हणून सांगून टाकते. डेनम जन्माने वॉलिस्टर नाहीच. त्याचं घराणं बाक्रम. बापाने नाव बदलून मुलाला वॉलिस्टर गावात वाढवलं. आणि कॅट्युआ त्याची सख्खी बहीण नाही, ती राजाची मुलगी आहे. ज्या रक्ताच्या नावाने गाव जाळलं किंवा जाळायला नकार दिला, ते रक्त त्याचं नव्हतंच. या टप्प्यावर कॅट्युआशी होणाऱ्या संवादात चुकीचं बोललात तर ती स्वतःचा जीव घेते. तिथेही घड्याळ नाही.

पटावर परत येते, कारण हे सगळं फक्त संवादांत असतं तर ते नाटक झालं असतं. या खेळातल्या बहुतेक लढाया शत्रूचा म्होरक्या पडला की संपतात. बाकीच्यांना मारण्याची गरज नसते. साध्या शिपायालाही नाव असतं, जमात असते. त्याला बोलून आपल्या बाजूला वळवता येतं, भर लढाईत. तो मनाने खचलेला असेल तर लवकर वळतो. उलट तुमच्या सैन्यातला गाल्गास्तान शिपाई गाल्गास्तानांविरुद्धच लढत राहिला तर त्याची निष्ठा ढळते. म्हणजे सगळ्यांना कापून जाण्याची मुभा आहे, आणि न कापण्याची जागाही प्रत्येक पाळीत मोकळी आहे. नवख्या डिझायनरांना मी हेच दाखवते. दया दाखवा असं खेळाने एकदाही म्हटलेलं नाही, फक्त जिंकण्याची अट अशी लिहिली आहे की दयेला जागा राहावी.

हा खेळ पुढे दोनदा नव्याने घडवला गेला. २०१० मध्ये पीएसपीसाठी, मूळ मंडळींपैकी बरेच जण परत येऊन. आणि २०२२ मध्ये 'टॅक्टिक्स ओगर : रीबॉर्न' म्हणून. पीएसपीच्या आवृत्तीतली पातळी वाढवण्याची पद्धत मला कधीच आवडली नाही. पातळी माणसाची न राहता पेशाची झाली, त्यामुळे उशिरा मिळालेला पेशा पहिल्या पायरीपासून ओढत न्यावा लागे. 'रीबॉर्न'ने ते दुरुस्त केलं आणि सगळ्या फौजेच्या पातळीला कथेबरोबर वाढणारी मर्यादा घातली, म्हणजे रिकाम्या वेळी सराव करून बलाढ्य होण्याची पळवाट बंद. पटावर सांडणारी शक्तीची पानं मात्र त्यांनी घालायला नको होती. चांगला आखलेला डाव पान उचलण्याच्या धावपळीत विस्कटतो.

२०१० पासून खेळात 'रथ' नावाचं टॅरोचं पान आहे. लढाई चालू असताना ते वापरून पन्नास पाळ्यांपर्यंत मागे जाता येतं. जुन्या खेळाडूंनी नाकं मुरडली : मग मरणाला अर्थ काय राहिला? माझं मत उलट आहे. बाण चुकणं, पूल ओलांडताना एक घर पुढे जाणं, या हाताच्या चुका आहेत, त्या पुसता आल्या तर बिघडत नाही. रथ फक्त लढाईत चालतो. बाल्मामुसाच्या उत्तरावर तो चालत नाही. दुसऱ्या वाटेवर जाण्यासाठी 'जग' नावाचं वेगळं पान आहे, ते कथा एकदा शेवटापर्यंत नेल्यावरच मिळतं. कोणती चूक पुसू द्यायची आणि कोणती घेऊन पुढे जायला लावायचं, याची इतकी स्वच्छ विभागणी मी दुसऱ्या कुठल्याही खेळात पाहिलेली नाही. आम्ही स्वतः काही रचताना या रेषेवरून अजून भांडतो.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात सुपर फॅमिकॉमचे असले खेळ येत नव्हते, त्यामुळे माझ्या पिढीतल्या बहुतेकांना 'टॅक्टिक्स ओगर' उशिरा भेटला. 'रीबॉर्न' आता पीसीवर मिळतो, स्विच आणि प्लेस्टेशनवरही. इंग्रजी जुन्या धाटणीचं आहे, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना थोडा वेळ लागेल, पण लागू द्या. खेळायला घेणार असाल तर सुरुवातीच्या लढायांत दोन तिरंदाज आणि एक उपचार करणारा सोबत ठेवा, कॅनोपसला छपरांवर बसवा, चिलखताचं वजन बघत जा. बाल्मामुसाच्या आधी कुणालाही विचारू नका की कोणतं उत्तर 'बरोबर'. खेळ संपला की 'जग' वापरून दुसऱ्या वाटेने नक्की जा. आरिसेल नावाची एक धनुर्धारी आहे. एका वाटेवर ती तुमच्या फौजेत येते आणि दुसऱ्या वाटेवर तुमच्यावर बाण रोखते. दोन्ही वेळी तिचं म्हणणं पूर्ण वाचा. संवाद पुढे सरकवण्याचं बटण तिच्या वेळी दाबू नका.