चित्रांची पुस्तकं

१२ ऑगस्ट. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची जयंती, म्हणजे आम्हा ग्रंथपालांचा दिवस. नोकरीतले टप्पे आठवत बसले. आधी ग्रंथपालनाचं प्रमाणपत्र, मग स्वतंत्र बालविभाग. पण माझ्या लेखी सर्वांत मोठा दिवस तो, जेव्हा कुलपातली पुस्तकं काढून सतरंजीवर मांडली. आमच्या वडनेर भोलजी गावची पोरं तेव्हापासून चपला काढून थेट पुस्तकांतच बसतात.

माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ची आमची प्रत कितीदा शिवली असेल! राधा घरच्या माणसांची ओळख करून देते, एवढंच त्यात. पण अक्षरओळख नसलेली चिमुरडी चित्रावर बोट ठेवते आणि सांगू लागते, “काकू, माही आजी बी अशीच हाये.” हे वाचनच आहे, आणि मी ते वाचनच मानते. शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसने १६५८ मध्ये मुलांसाठी सचित्र पुस्तक काढलं, त्यात चित्रातल्या वस्तूला आकडा आणि शेजारी तिचं नाव. पाहणं आणि वाचणं त्याने वेगळं मानलंच नाही.

तरी पालक म्हणतात, यात मजकूर किती कमी! मी पुस्तक त्यांच्याच हाती देते, लेकराला मांडीवर घ्या म्हणते. यंदाच्या खरेदीत कादंबऱ्या कमी झाल्या तरी चालतील, चित्रपुस्तकं वाढवायचीच. यादी आजच समितीकडे दिली.